भिंत पडायच्या आत: कलाइतिहासात पीएच.डी. करताना

पुण्यातल्या एका विद्यापीठातून मी कलाइतिहासात पीएच.डी. पूर्ण केली. प्रवेश परीक्षा २०१८ च्या अखेरीस झाली, मौखिक परीक्षा एप्रिल २०२४ मध्ये. विषय होता वाई परिसरातल्या पेशवेकालीन वाड्यांमधली भित्तिचित्रं. अर्थशास्त्र, मराठी, रसायनशास्त्र यांत डॉक्टरेट केलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात, पण चित्रांवर केलेलं माणूस शोधायला मला बरंच फिरावं लागलं. म्हणून जे जसं घडलं ते क्रमानं लिहिते आहे. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तुमच्या वर्षीचे नियम तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या.

पहिला प्रश्न असतो, शिकायचं कुठे? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि तिथे कलाइतिहास व सौंदर्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. दिल्लीत जेएनयूचं स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स आहे. जमत असेल तर या दोन ठिकाणी जरूर अर्ज करा. तिथे तुमच्या विषयाचं ग्रंथालय असतं आणि चित्रांविषयी रोज बोलणारी माणसं असतात. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती आणि मी एका डिझाइन कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, त्यामुळे पुणे सोडणं शक्य नव्हतं. आपल्याकडे बहुतेकांना इतिहास, किंवा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व या विषयातून आत शिरावं लागतं. माझं बी.एफ.ए. चित्रकलेत आणि एम.ए. या दुसऱ्या विषयात, म्हणून पात्रतेला अडचण आली नाही. फक्त चित्रकलेची पदवी असेल तर अर्ज भरण्याआधी पात्रता विभागाकडून लेखी उत्तर घ्या. खिडकीवर तोंडी मिळालेलं ‘चालेल’ पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.

माझ्या वेळी विद्यापीठाची स्वतःची ‘पेट’, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा, होती: निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे, निम्मे विषयाचे, आणि पात्र ठरायला ५० टक्के गुण. नेट किंवा सेट (महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षा) झालेल्यांना त्यातून सूट होती. जून २०२४ पासून नेटचे गुणच पीएच.डी. प्रवेशासाठी धरण्याची सोय झाली आहे. त्यात परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे. कलाइतिहासाला नेटमध्ये वेगळा पेपर नाही, तो दृश्यकला या विषयात येतो. अभ्यास करताना अजिंठ्यापासून बंगाल स्कूलपर्यंत सगळंच वाचावं लागतं आणि ते पुढे उपयोगी पडतं. पैशांचंही इथेच बघून ठेवा. नेटमधून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गातल्या संशोधकांसाठी असतात आणि त्यांच्या जाहिराती अचानक निघतात. मला यांतलं काही लागू झालं नाही, फी आणि प्रवास घरखर्चातून काढला.

मुलाखतीआधी गाईड शोधणं हे वेगळंच काम होतं. यादीतल्या मार्गदर्शकांपैकी चित्रकलेवर काम केलेलं कुणी नव्हतं. शेवटी ज्या मॅडमनी मला घेतलं त्यांचा विषय शिलालेख. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “चित्रातलं मला तू शिकव, पुरावा कसा मांडायचा ते मी शिकवते.” हा सौदा फार चांगला ठरला. आपल्या विषयाचा गाईड मिळत नसेल तर शिस्तीचा गाईड बघा. प्रकरणाचा कच्चा मसुदा महिनाभरात वाचून परत देणारं माणूस विषयतज्ज्ञापेक्षा जास्त कामाला येतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये संशोधन मान्यता समितीसमोर, म्हणजे आरआरसीपुढे, सादरीकरण झालं. समोर बहुतेक सामाजिक शास्त्रांचे प्राध्यापक. गृहीतक काय, नमुन्याचा आकार किती, प्रश्नावली कुठे आहे, असे प्रश्न आले. चित्रांच्या अभ्यासाला हे साचे तसेच लागत नाहीत, पण त्या प्रश्नांमागे काय आहे ते ओळखलं की उत्तर देता येतं. त्यांना एवढंच हवं असतं की हे काम कुठे संपणार आणि ते झालं की नाही हे कशावरून ठरणार. मी भिंतींची यादी दिली. कुठल्या गावातला वाडा, कुठली खोली, कुठल्या दिशेची भिंत, चित्राचा विषय, आजची अवस्था. मूळ शीर्षक होतं ‘महाराष्ट्रातील भित्तिचित्रे’. समितीनं ते कापून वाई परिसर आणि इ.स. १७५० ते १८१८ एवढ्यावर आणलं. मला त्या क्षणी वाईट वाटलं, कारण चांदवडचा होळकरांचा रंगमहाल त्यातून निसटला. आज मी प्रत्येकाला सांगते की शीर्षकात ठिकाण आणि सालं घालूनच जा. शीर्षकातला एक शब्द बदलायलाही नंतर पुन्हा समितीची बैठक लागते आणि बैठका कधी होतील ते कुणी सांगू शकत नाही.

मान्यतेचं पत्र हातात यायला ऑगस्ट उजाडला. मुदत मोजली जाते ती पत्राच्या तारखेपासून, बैठकीच्या की पहिली फी भरल्याच्या, हे विचारून घ्या आणि त्याचा कागद ठेवा. किमान ३ वर्षं, कमाल ६. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची सवलत, शिवाय प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ही सवलत आपोआप लागू होत नाही, अर्ज करावा लागतो.

पत्राची वाट बघत मी घरी बसले नाही, हे या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल होतं. एप्रिल-मे २०१९ मध्येच मी वाड्यांमध्ये फिरायला लागले. उन्हाळा हाच या कामाचा हंगाम. भिंती कोरड्या असतात, दिंडीदरवाजातून ऊन आतपर्यंत येतं आणि सुट्टीमुळे मुंबई-पुण्याचे वारसदार गावी आलेले असतात. वारसदारांचं प्रकरण नीट समजून घ्या. एका वाड्याचे पाच-सहा हिस्सेदार, प्रत्येकाच्या खोलीला वेगळं कुलूप आणि चित्रं नेमकी त्या हिश्शात जिथे कुणी राहत नाही. मी मिळकत पत्रिका काढून नावं पाहत असे. ती आता महाभूलेखवरही बघता येते. मग एकेकाला फोन. परवानगी तोंडी मिळाली तरी एका पानाचं मराठी संमतिपत्र करून सही घ्यावी, त्यात ‘प्रबंधात आणि शोधनिबंधात छायाचित्रं छापण्यास हरकत नाही’ हे वाक्य असावं. वाडा विकायला काढलाय, ही बाई कशाला आली, अशी शंका लोकांना येणं स्वाभाविक आहे. ती चहाच्या कपानं जाते, कागदानं जात नाही, म्हणून आधी बसावं, बोलावं आणि मग कागद काढावा.

एका वाड्यात माजघराच्या भिंतीवर रामपंचायतन आहे. सीतेचा चेहरा जवळजवळ पुसलेला. तिथल्या आजी म्हणाल्या, “आमच्या सासूबाई दर दिवाळीला ओल्या फडक्यानं देव पुसून काढायच्या हो. भक्तीच तेवढी.” मला तिथे उभ्या उभ्या त्या भिंतीची अवस्था उलगडली. ही चित्रं चुन्याच्या सुकलेल्या गिलाव्यावर डिंकात किंवा सरसात कालवलेल्या रंगांनी काढलेली असतात. युरोपातल्या खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग देतात आणि चुना सुकताना रंग भिंतीत पक्का होतो. इथे रंग नुसता वर बसलेला असतो आणि पाणी लागलं की सुटतो. म्हणून चेहरे आधी गेले. लोकांचा हात देवाच्या चेहऱ्यापाशी आणि पायापाशी जास्त जातो, आणि नुकसानीचा नकाशा काढला तर पूजेचा नकाशा तयार होतो. यावर पुढे प्रबंधात एक अख्खं प्रकरण झालं. आजींच्या त्या वाक्याशिवाय ते सुचलं नसतं.

छायाचित्रणाचं थोडं सविस्तर सांगते, कारण हे कुणी शिकवत नाही. फ्लॅश वापरू नका. पांढरा थर्मोकोल किंवा धुतलेलं धोतर दारात धरून बाहेरचं ऊन भिंतीवर परतवा, मऊ उजेड मिळतो. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा. भिंतीला समांतर, एका बाजूनं बॅटरी धरली की गिलाव्यातले उंचवटे, जुन्या दुरुस्त्या आणि चिताऱ्यानं आधी कोरलेल्या खुणेच्या रेषा दिसतात. फिकट झालेल्या गेरूसाठी ‘डी-स्ट्रेच’ हे गुहाचित्रांच्या अभ्यासकांनी रुळवलेलं साधन वापरा, डोळ्यांना न दिसणारी पागोटीसुद्धा वर येतात. आणि फोटो काढून झाले तरी वहीत हातानं रेखाटन कराच. हत्तीची सोंड काढताना कळतं की चितारी कुठे थांबला आणि कुठून पुन्हा सुरू झाला. सरकारी संरक्षणाखालच्या वास्तूत ट्रायपॉड किंवा दिवे लावायचे असतील तर आधी लेखी परवानगी काढावी लागते. केंद्राची वास्तू असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, राज्याची असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. अर्जाला गाईडचं पत्र जोडा आणि पोचपावतीवर आवक क्रमांक घ्या. त्या क्रमांकाशिवाय फोनवर कुणी तुमची फाईल शोधू शकत नाही.

कोर्सवर्क जुलै २०१९ ते जानेवारी २०२० असं चाललं. शनिवार-रविवार वर्ग, ५५ टक्क्यांची अट. संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम सर्व विषयांना एकच, त्यात संख्याशास्त्र बरंच. सहाध्यायांबरोबर अजिंठ्याला गेलो तो दिवस मात्र मनात राहिला. तिथे मातीच्या गिलाव्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ हात. पाचव्या शतकातल्या वाकाटकांच्या काळातली आणि अठराव्या शतकातली भिंत मी एकाच वर्षात हाताच्या अंतरावर पाहिली आणि आपण कुठल्या परंपरेच्या शेवटच्या टोकाशी उभे आहोत हे जाणवून गलबलून आलं. (अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सहल ठरवताना हे आधी बघा.)

मग दफ्तर. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, आणि बहुतेक कागद मोडीत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात. मी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांकडूनही मदत घेतली. अक्षर लागायला काही महिने जातात, घाबरू नका. अधिक त्रास तारखांचा. कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे शुहूर सन (त्या काळच्या कागदांवरची अरबी आकड्यांची कालगणना) ११७३, म्हणजे इ.स. १७७२-७३. सन मृगापासून सुरू होतो, त्यामुळे महिना न पाहता साल लिहिलं तर एक वर्षाचा फरक पडतो. जंत्री, म्हणजे तारखा जुळवण्याची कोष्टकं, जवळ ठेवूनच बसा. दफ्तरात ‘चित्र’ शोधत गेलात तर फारसं हाती लागत नाही. चिताऱ्याचा रोज, हिंगूळ, नीळ, सरस यांची खरेदी ही इमारतखर्चाच्या हिशेबात, चुना आणि विटांच्या शेजारी लपलेली असते. मला एका वाड्याच्या खर्चात रंगाच्या खरेदीची ओळ सापडली त्या दुपारी वाचनकक्षातून उठावंसंच वाटेना.

मार्च २०२० मध्ये दफ्तर बंद झालं, गावं बंद झाली. त्या काळात घरी बसून मी परदेशी संग्रहांकडे वळले. अमेरिकेतलं येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या आपल्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा फुकट उतरवू देतं. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्याला आला आणि १७९५ मध्ये वारला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या गंगाराम तांबट यांची रेखाटनं तिथे आहेत. वेल्सनं सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना समोर बसवून छायाप्रकाशातली व्यक्तिचित्रं केली. आणि त्याच नानांच्या मेणवलीच्या वाड्यातल्या भिंतींवर सपाट रंग, ठाशीव बाह्यरेषा, एका बाजूनं दिसणारे चेहरे आहेत. एकाच यजमानाच्या घरात पाहण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या आणि एकीनं दुसरीला लगेच हुसकावलं नाही. माझ्या प्रबंधाचा मध्यवर्ती प्रश्न तेव्हा पक्का झाला. समितीनं १८१८ ही सीमा घातली नसती तर मी कदाचित १७९० च्या दशकाकडे इतकं बारकाईनं पाहिलं नसतं.

जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यात तुफान पाऊस झाला. पावसाळा सरल्यावर मी गेले तेव्हा एका वाड्याची पश्चिमेची भिंत बसलेली होती. तिच्यावर गजेंद्रमोक्ष होता: मगरीच्या जबड्यात हत्तीचा पाय, वरून गरुडावर विष्णू, आणि पाण्यात हिरव्या-निळ्या रेघांमध्ये काढलेले छोटे मासे. ढिगाऱ्यात रंगीत ढलप्या पडल्या होत्या. वाड्याचे काका म्हणाले, “तुमच्याकडं फोटो हाय न्हवं? मग तेवढं तरी ऱ्हायलं.” २०१९ च्या उन्हाळ्यात घेतलेली छायाचित्रं, मापं आणि रेखाटन एवढाच आता त्या चित्राचा पुरावा आहे. मी बरेच दिवस काही लिहू शकले नाही. म्हणून नोंदणी होवो न होवो, पत्र येवो न येवो, आधी भिंतीपाशी जा असं मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला कळकळीनं सांगते. विद्यापीठ मुदतवाढ देतं, पाऊस देत नाही.

दर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल चुकवू नका. माझ्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१६ चे नियम लागू होते, त्यामुळे प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ च्या नियमांत ही सक्ती गेली. शोधनिबंध स्वीकारला जायला वर्षाच्या आसपास लागलं. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी नियतकालिकं भरपूर फोन करतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

लेखन मराठीतच केलं. प्रबंध युनिकोडमध्येच टंकलिखित करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही आणि शेवटच्या महिन्यात सगळं परत टाइप करण्याची वेळ येते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. संदर्भासह दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत, तसेच सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसाधारण वाक्यंही. माझ्या पहिल्या अहवालात मोडी कागदांची लिप्यंतरं साम्य म्हणून मोजली गेली होती. ती अवतरण म्हणून स्पष्ट वेगळी केल्यावर आकडा खाली आला. ग्रंथपालांना भेटून हे समजावून सांगा, ते मदत करतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्वसादरीकरण, जूनमध्ये प्रबंध दाखल. खर्चाचा मोठा भाग छपाईचा. दीडशेच्या वर रंगीत पानं, पानाला दहा रुपये, वर पाच प्रती आणि बांधणी, असे दहा हजारांच्या आसपास गेले. चित्रपट्ट्यांचा वेगळा खंड चालतो का, पाठपोट छपाई चालते का, हे आधी विचारा. ग्रंथालय, लेखा विभाग, वसतिगृह यांची ना-देय प्रमाणपत्रं गोळा करायला आठवडा धरून चाला. वसतिगृहात कधी राहिला नसलात तरी त्यांची सही लागते.

पुढे वाट बघणं. मूल्यमापन सहा महिन्यांत व्हावं असं नियम म्हणतो. माझ्या बाबतीत दहा महिने गेले. एक परीक्षक नकार कळवतात, दुसऱ्यांना पत्र जातं, असं चालतं. महिन्यातून एकदा शांतपणे लेखी विचारणा करत राहिले. त्या काळात हातात काहीतरी ठेवा, मी वाड्यांची सूची नीट करत बसले.

मौखिक परीक्षा खुली असते. मुलीला आणि त्या रामपंचायतनाच्या वाड्यातल्या सुनेला मी बोलावलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी विचारलं, “राजस्थानी प्रभाव म्हणता, तो नेमका कुठे दाखवाल?” मी पडद्यावर दोन भिंती शेजारी लावल्या. लांबट डोळा, झाडांची मांडणी आणि लाल चौकट ही तिकडची. नथ, नऊवारीचा काष्टा, पागोट्याचा बाज आणि कमानीखालचा लाकडी खांब इथला. ते पुढे झुकून बराच वेळ बघत राहिले आणि मग गजेंद्रमोक्षावर आले. ती भिंत आता नाही हे सांगताना माझा आवाज अडखळला, पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारायला घाई केली नाही. तास-सव्वा तासानं निकाल जाहीर झाला. आईला फोन केला, ती नुसती रडत होती.

त्यानंतर सुचवलेल्या किरकोळ दुरुस्त्या, सॉफ्ट कॉपी, अधिसूचना आणि तात्पुरतं प्रमाणपत्र. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो तेव्हा पीडीएफचा आकार कमी करतात आणि चित्रं धूसर होतात. म्हणून मूळ छायाचित्रं मी भिंतींच्या क्रमांकांसह वेगळ्या डिस्कवर विभागाच्या ग्रंथालयात दिली, आणि प्रत्येक वाड्याला त्यांच्या भिंतींचा एक छापील संच. वाई-मेणवलीकडे कुणी काम करणार असेल तर ग्रंथपालांकडे त्या डिस्कची मागणी लेखी करावी. सूचीत ती ‘वाडे’ या शब्दाखाली आहे, ‘चित्रकला’खाली शोधलीत तर सापडणार नाही.